चोरट्या एफएमने कुणाचं काय बिघडतं? बरंच बिघडतं

शहरातल्या विनापरवाना एफएम केंद्रांची बाजू घेणारा एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ऐकणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, छोट्या ट्रान्समीटरने कुणाला त्रास होत नाही, वापरली जाते ती रिकामी जागा, आणि कारवाई होते ती बड्या कंपन्यांसाठी. हे पुढे पाठवणाऱ्यांचं रेडिओवर प्रेम आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

‘ऐकणाऱ्यांना ठाऊकच असतं.’ कसं असणार? आवाजावरून परवाना कळत नाही. निवेदक सफाईदार, जाहिराती नेहमीसारख्या, आणि गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर केंद्राचं नावसुद्धा उमटतं. ते नाव आरडीएस पद्धतीने लहरींबरोबर जातं. ते लहरीत मिसळणारं यंत्र, म्हणजे एन्कोडर, जोडला की कुणीही पाठवू शकतो. नाव दिसलं म्हणजे केंद्र अधिकृत, हा समज इथूनच होतो आणि जाहिरातदारही त्याच भरवशावर पैसे देतात. खात्री करायची तर नियामक संस्थेकडची परवानाधारकांची नोंद पाहावी लागते. ब्रिटनचं ऑफकॉम आणि अमेरिकेचं एफसीसी ती सर्वांसाठी खुली ठेवतात, पण रेडिओ लावण्याआधी ती कोण उघडतं?

‘छोट्या ट्रान्समीटरने त्रास होत नाही.’ हा मुद्दा सगळ्यात घातक आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा सुरू होतो. एकाच गच्चीवर १०४.९ आणि १०७.५ वर दोन ट्रान्समीटर चालू आहेत, असं धरा. फिल्टर नसेल तर दोन्ही लहरी अॅम्प्लिफायरमध्ये मिसळून तिसरीच तयार होते: १०७.५ची दुप्पट वजा १०४.९, म्हणजे ११०.१ मेगाहर्ट्झ. ही फ्रिक्वेन्सी धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या लोकलायझरला दिली जाते. ढगात उतरणारा वैमानिक त्याच खुणेवर विसंबून असतो. ट्रान्समीटर चालवणाऱ्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. त्याचं गाणं स्वच्छ वाजत असतं.

‘रिकामी जागाच वापरतात.’ दोन केंद्रांच्या फ्रिक्वेन्सींमधलं अंतर मुद्दाम राखलेलं असतं, ती वापरायला मोकळी जागा नव्हे. शिवाय एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर एफएम रिसीव्हर जोरकस लहर धरतो आणि दुसरी दाबून टाकतो. म्हणून कमी शक्तीचं परवानाधारक सामुदायिक केंद्र चोरट्या केंद्राच्या आसपासच्या घरांतून पार नाहीसं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ते बंदच पडलं.

गच्ची भाड्याने देणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने अशा प्रसारणाचा दंड २० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि जाणूनबुजून जागा देणाराही त्यात येतो.

‘कारवाई बड्यांसाठी असते.’ इथे थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइन हे विनापरवाना केंद्र जहाजावरून सुरू झालं ते ब्रिटिश तरुणांना हवं ते संगीत कुणी पुरेसं वाजवत नव्हतं म्हणून. १९६७ मध्ये कायद्याने अशा केंद्रांना पायबंद घातला आणि त्याच वर्षी बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं. लंडनच्या किस एफएमचं परवानाधारक प्रसारण १९९० मध्ये सुरू झालं, तर रिन्स एफएमला २०१० मध्ये परवाना मिळाला. दोन्ही आधी चोरटीच होती. त्यांचं संगीत मोलाचं होतं, आणि परवान्यानंतरही ते वाजत राहिलं. तेव्हा सामुदायिक परवाने वाढवा, त्यांचं शुल्क कमी करा, अशी मागणी करा. तिच्यावर माझीही सही घ्या.