‘फोन आहे ना घरात?’ मग गृहपाठ का झाला नाही, याचं उत्तर

परवा रात्री साडेदहाच्या सुमाराला धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, एक मेसेज पाठवलाय तुला. वाच आणि खरं सांग, मी मुलांकडे दुर्लक्ष करते का?” तिला दोन मुलं. मोठा नववीत, धाकटी सहावीत. घरात फोन दोन. एक नवऱ्याचा, तो सकाळी त्याच्याबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. दुसरा तिचा. कॉम्प्युटर नाही. मोठ्याचा एक प्रकल्प वेळेत जमा झाला नव्हता आणि नेमका त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन पडला. वर दुहेरी बाणाची खूण, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला.

मजकूर थोडक्यात असा. ‘घरी कॉम्प्युटर नाही, नेट नाही’ ही आजची सर्वांत मोठी सबब आहे. इंटरनेट आता घरोघरी पोचलंय. फोन असला की सगळं होतं. थोर माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकली. एका युरोपीय देशाने गरीब मुलांना कॉम्प्युटर दिले तर त्यांचे मार्क घसरले, हे संशोधनाने सिद्ध झालंय. ज्याला शिकायचंय तो लायब्ररीत जाईल, मित्राकडे जाईल. ज्याला नाही तो कारणं देईल. म्हणून शिक्षकांनी असल्या सबबी ऐकू नयेत, सरळ शून्य द्यावं.

ते शेवटचं वाक्य बहिणीने मला दोनदा वाचून दाखवलं. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

‘इंटरनेट घरोघरी पोचलंय.’ नाही पोचलेलं. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, यांनी २०२० च्या अखेरीस एक अहवाल काढला. जगातल्या ३ ते १७ वयोगटातल्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. सर्वांत श्रीमंत घरांतल्या ५८ टक्के मुलांना ते घरी मिळत होतं, सर्वांत गरीब घरांतल्या फक्त १६ टक्के मुलांना. हे आकडे जुने झाले, त्यानंतर जोडण्या वाढल्या, हे मान्य. पण आयटीयूचाच २०२४ चा अंदाज सांगतो की तेव्हाही २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती. ‘घरोघरी’ म्हणणाऱ्याने आपल्या ओळखीची घरं मोजली आणि जग मोजल्यासारखं लिहून टाकलं.

आणि हा फक्त गरीब देशांचा प्रश्न आहे असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या सलिनास गावातला एक फोटो जगभर फिरला होता. दोन लहान मुली एका खाद्यपदार्थांच्या दुकानाबाहेर फरशीवर बसल्यात, समोर लॅपटॉप, दुकानाचं वायफाय वापरून शाळेचा अभ्यास चाललाय. कॉम्प्युटर कंपन्यांचं माहेर असलेली सिलिकॉन व्हॅली तिथून काही फार लांब नाही. त्या मुलींकडे लॅपटॉप होता, घरी चालणारं नेट नव्हतं. बोभाटा झाल्यावर शाळेने त्या कुटुंबाला हॉटस्पॉट, म्हणजे घरी नेट देणारं छोटं यंत्र, दिलं.

आता तो मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. ‘फोन असला की सगळं होतं.’

हे लिहिणाऱ्याने फोनवर कधी पानभर निबंध टाइप केलाय का, हा माझा पहिला प्रश्न. मी भाच्याला करताना पाहिलंय. शिक्षकांनी प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये पाठवली होती, त्यात एक तक्ता. तक्ता वाचायचा तर तो मोठा करायला लागतो. मोठा केला की रकान्यांची नावं स्क्रीनच्या बाहेर जातात. म्हणून तो वर सरकवून नावं बघायचा, खाली सरकवून आकडे बघायचा आणि मध्ये कुठे विसरायला नको म्हणून वहीच्या मागच्या पानावर तोच तक्ता हाताने उतरवून घ्यायचा. मग उत्तर. कीबोर्ड उघडला की निम्मा स्क्रीन गेला, स्वतः लिहिलेल्या तीन-चार ओळी कशाबशा दिसतात. चौथ्या परिच्छेदात काय लिहायचं ते पहिल्यात काय लिहिलं यावर ठरतं, पण पहिला बघायला पुन्हा वर जायचं. प्रश्न एका ॲपमध्ये, उत्तराचा फॉर्म दुसरीकडे. प्रश्न बघून परत आला तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून लोड झालेला, लिहिलेलं सगळं गेलं. त्या संध्याकाळी हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने उत्तर वहीत लिहिलं, पानांचे फोटो काढले, तर फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी, अपलोड होईना. मध्येच बहिणीला दोन कॉल आले. शेजारी धाकटी बसलेली, तिचीही चाचणी त्याच फोनवर, तिचं ‘दादा, झालं का?’ सुरू.

नऊला मुदत संपली. पोराने अडीच तास काम केलं आणि नोंदीत काय राहिलं, तर ‘जमा केले नाही’.

याला कोणी आळस म्हणत असेल तर त्याने तो अडीच तासांचा आळस एकदा करून बघावा.

हे माझ्या घरचं झालं म्हणून मी चिडून बोलतोय असं वाटेल, आणि चिडलोय हे खरंच आहे. पण याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या क्वेलो सेंटरने ग्रामीण भागातल्या १५ शालेय जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी करून २०२० मध्ये अहवाल दिला. घरी नेट नसलेल्यांपैकी ६४ टक्के मुलांचा गृहपाठ अधूनमधून किंवा बऱ्याचदा अर्धवट राहायचा. वेगवान नेट असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जी मुलं नेटसाठी फक्त मोबाइलवर अवलंबून होती, त्यांची स्थिती नेट अजिबात नसलेल्या मुलांच्या जवळपास निघाली. म्हणजे ‘फोन आहे’ या उत्तराने प्रश्न सुटत नाही, फक्त झाकला जातो. पाहणीत ते घर ‘जोडलेलं’ म्हणून मोजलं जातं, आणि मूल मात्र तिथेच अडकलेलं.

शिवाय फोन कोणाचा? घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात संध्याकाळी सहा ते नऊ फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई-बाप कामावर, म्हणजे फोनही कामावर. भावंडं तीन असतील तर वेळेचे तीन तुकडे, आणि असा तुकडा पडताना बऱ्याच घरांत मुलीचा नंबर शेवटी लागतो. डेटाचं तर विचारूच नका. धडा व्हिडिओतून दिला, तर तासाभराचा व्हिडिओ साध्या दर्जात पाहिला तरी काही शे एमबी जातात. दिवसाचा डेटा दुपारी संपला की संध्याकाळच्या गृहपाठाला काय उरतं?

रस्त्यावरच्या दिव्याची गोष्ट. ही मीही लहानपणी ऐकली आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती नीट ऐका. त्या मुलाला अभ्यासाला काय लागत होतं? पुस्तक आणि उजेड. पुस्तक त्याच्या हातात होतं. उजेड घरात नव्हता, म्हणून तो बाहेर गेला, आणि बाहेर दिवा होता. तो दिवा कोणीतरी सगळ्यांच्या पैशातून लावला होता, त्याखाली बसायला कोणी पासवर्ड मागत नव्हतं. आजच्या मुलाने घराबाहेर पडून नक्की कुठल्या खांबाखाली बसायचं? सार्वजनिक, फुकट, रात्रीपर्यंत चालणारं वायफाय आणि चार कॉम्प्युटर असलेली खोली, हा आजचा रस्त्यावरचा दिवा. तो लावा, मग त्या थोरांची उदाहरणं द्या. ही गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूची नाहीच.

आता युरोपीय देश. इथे मला थोडं मागे सरावं लागेल, कारण ही गोष्ट पूर्ण खोटी नाही. देश रोमानिया. ‘युरो २००’ नावाची सरकारी योजना, शिकणारी मुलं असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कॉम्प्युटर घेण्यासाठी २०० युरोचं कूपन. निधी ठरावीक उत्पन्नाच्या रेषेपर्यंतच पुरला. त्यामुळे रेषेच्या जरा खालच्यांना कूपन मिळालं, जरा वरच्यांना नाही, आणि दोन्हीकडची कुटुंबं जवळपास सारखीच. ओफर मालामुद आणि क्रिस्तियान पॉप-एलेकेश या दोन अर्थतज्ज्ञांनी नेमकी हीच तुलना केली. २०११ मध्ये ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये ती छापून आली. कूपन मिळालेल्या मुलांचे गणित, इंग्रजी आणि रोमानियन या विषयांतले गुण खरंच कमी झाले. हे आहे, आणि ते मी लपवणार नाही.

पण त्याच निष्कर्षात पुढची वाक्यं आहेत, ती कोणी कापली? याच मुलांची कॉम्प्युटर हाताळण्याची क्षमता बरीच वाढली. आकृत्यांमधला नमुना ओळखायच्या रेव्हनच्या चाचणीतही, जी आकलनशक्ती मोजायला वापरतात, ही मुलं पुढे असल्याची चिन्हं दिसली. आणि ज्या घरांत कॉम्प्युटर आणि गृहपाठाबद्दल आई-वडिलांचे नियम होते, तिथे हे परिणाम सौम्य झालेले दिसले. म्हणजे अभ्यास सांगतो की नुसतं यंत्र देऊन सोडून देऊ नका. मेसेज सांगतो की यंत्रच देऊ नका. यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसराही प्रयोग आहे, तो मेसेजवाल्याला सापडला नसावा. कॅलिफोर्नियातल्या १५ शाळांमधली सहावी ते दहावीची १,१२३ मुलं, एकाच्याही घरी कॉम्प्युटर नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना फुकट कॉम्प्युटर दिले. रॉबर्ट फेअरली आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी २०१३ मध्ये निकाल मांडला. दोन्ही गटांच्या गुणांत, परीक्षांत, हजेरीत फरक नाही. वाढही नाही, घसरणही नाही. म्हणजे ‘कॉम्प्युटर दिला की मार्क घसरतात’ हा काही निसर्गनियम नव्हे. आणि ‘कॉम्प्युटर दिला की मूल हुशार होतं’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्यांनाही हा निकाल गैरसोयीचा आहे, हेही सांगून टाकतो.

मुळात या दोन्ही अभ्यासांत विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. यंत्र घरात आल्याने गुण वाढतात का, हा त्यांचा प्रश्न. आपल्यापुढचा प्रश्न असा, की शाळेने गृहपाठ ऑनलाइन द्यायचा, ऑनलाइनच जमा करून घ्यायचा, आणि ज्याच्याकडे साधन नाही त्याने काय करायचं? पेन दिल्याने कोणाचं अक्षर सुधारत नाही, कबूल. म्हणून परीक्षेच्या खोलीत निम्म्या मुलांना पेनाशिवाय बसवून ‘उत्तरं पेनानेच लिहा’ असं कोणी सांगत नाही.

लायब्ररीत जा, मित्राकडे जा. जिथे आहे आणि उघडी आहे, तिथे जरूर जावं. पण गृहपाठ संध्याकाळी येतो, मुदत रात्रीची असते, आणि तेव्हा बहुतेक लायब्रऱ्यांना कुलूप असतं. मित्राचं घर एकदा-दोनदा. रोज कोणाच्या दारात उभं राहायचं, विशेषतः मुलीने, अंधार पडल्यावर? याहून जास्त बोलण्यासारखं त्यात काही नाही.

राहिलं ‘सबब’ आणि ‘शून्य’. माझ्या मते सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक हेच, कारण ते वर्गात लगेच अमलात आणता येतं. ज्यांनी मुलं जवळून पाहिली आहेत त्यांना विचारा. घरी नेट नसलेलं मूल भर वर्गात उठून ‘आमच्याकडे नेट नाही’ असं म्हणत नाही. ते म्हणतं ‘विसरलो’. ‘वही घरी राहिली’ म्हणतं. बोलणी खातं, शून्य घेतं, पण घरची गोष्ट चाळीस जणांसमोर सांगत नाही. भाच्यानेही शिक्षकांना ‘लक्षात राहिलं नाही’ असंच सांगितलं होतं. अडीच तासांची ती संध्याकाळ त्याच्या तोंडून निघाली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मामा, सगळ्यांसमोर काय सांगू?” म्हणजे मेसेजवाल्याला जी सबब वाटते, ती प्रत्यक्षात मूल देतच नाही. आणि जे देतं, ते खरं कारण झाकायला देतं.

शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांच्यावरही वरून ‘सगळं ऑनलाइन करा’ असा रेटा असतो. पण काही गोष्टी कुठलाही निधी न मागता होतात. वर्षाच्या सुरुवातीला, एकेकट्याला, कागदावर विचारावं की घरी काय आहे, ते कोणाचं आहे आणि किती वाजता हातात येतं. ‘फोन आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं आणि काही कळत नाही. मुदत रात्री नऊऐवजी दोन दिवसांनी सकाळची ठेवावी. वहीत लिहिलेलं चालेल असं आधीच सांगावं, मागायला लावू नये. शाळेत कॉम्प्युटरची खोली असेल तर शाळा सुटल्यावर ती तासभर उघडी ठेवावी, कुलपात ठेवून ते कॉम्प्युटर जुनेच होणार आहेत.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, “लिहून पाठव. त्याच ग्रुपवर टाकते.” मी विचारलं, नाव घालून टाकशील? ती म्हणाली, “माझं घाल. मुलाचं नको.”