बाटूरचा ट्रेक लहान मुलांना सोपा नाहीये
बालीच्या लेखात तिथल्या बाटूर ज्वालामुखीचा सनराइज ट्रेक 'सहा वर्षांच्या मुलांनाही सहज जमतो' असं लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. आम्ही गेलो तेव्हा धाकटी सात वर्षांची होती, रात्री दोनला झोपेतून उठवून उबुदहून निघालो, १७१७ मीटरवर कडाक्याची थंडी, आणि चढण्यापेक्षा उतरणं जास्त वाईट, ती काळी भुसभुशीत राख आणि बारीक खडी, दर चार पावलांना तिचा पाय घसरायचा, बुटात खडे जाऊन टाचेला फोड आला आणि शेवटी बाबाच्या पाठुंगळी बसून खाली आली.

मुलांना ज्वालामुखीच दाखवायचाय ना, मग सकाळी नाश्ता करून गाडीने वरच्या कड्यावरच्या पेनेलोकान गावाला जा, तिथून अख्खा बाटूर, तळं आणि १९६३ च्या उद्रेकाचा काळाकुट्ट लाव्हा समोर दिसतो. खाली तळ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, आमची मुलं दोन तास बाहेर यायला तयार नव्हती. स्वेटर मात्र नक्की न्या.