गडी मिळत नाही हे खरं, पण त्याला रेशनचा तांदूळ जबाबदार?

हापूसचा सीझन आला की हा मेसेज फिरायला लागतोच: "फुकट रेशन, लाडक्या बहिणीचे दीड हजार आणि रोजगार हमी, या तिघांनी कोकणी माणूस आळशी केला, म्हणून बागेत नेपाळी आणावे लागतात, बंद करा हे सगळं." रत्नागिरीपासून देवगडपर्यंत सगळीकडे फिरतो, आणि पुढे ढकलणारे निम्मे ठाणे-डोंबिवलीला राहतात, ते जाऊ दे. गडी मिळत नाही हे मलाही मान्य आहे. भांडण कारणावरून आहे.

रेशनचं घ्या. माणशी महिन्याला ५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. त्याआधी तांदूळ होता ३ रुपये किलो! म्हणजे "फुकट" झाल्यावर चार माणसांच्या घराचे महिन्याला वाचले फार तर ६० रुपये, आणि त्यापायी म्हणे तो रोज बुडवून घरी बसला. लाडकी बहीण सुरू झाली जुलै २०२४ ला, दीड हजार म्हणजे दिवसाला ५० रुपये, तेही बाईच्या खात्यात, आणि झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन कलमावर चढतो तो बाप्या.

"आयता पैसा मिळाला की माणूस काम सोडतो" हे ऐकायला पटतं, पण तपासलेलं आहे. अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना वगैरे अर्थतज्ज्ञांनी सहा देशांतल्या, गरिबांना पैसे देणाऱ्या सात सरकारी योजनांचा डेटा एकत्र करून बघितला (मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स असे देश), पेपर २०१७ चा आहे, आणि पैसे मिळालेल्या घरातली माणसं कमी काम करायला लागली असं काही त्यात दिसलं नाही.

आता रोजगार हमी, इथे थांबायला पाहिजे कारण मेसेजमधला एवढाच मुद्दा थोडातरी दमदार आहे. इम्बर्ट आणि पॅप या अर्थतज्ज्ञांचा २०१५ चा अभ्यास सांगतो की ज्या जिल्ह्यांत योजना इतरांच्या आधी आली तिथे रोजंदारीची मजुरी चार-पाच टक्के वाढली आणि खासगी काम दीडेक टक्क्यांनी घटलं. म्हणजे बागायतदाराला झळ बसते, खोटं कशाला बोला. पण झळ दीड टक्क्याची आणि बोंब मात्र गडीच संपला म्हणून! आणि त्यानंतर मुरलीधरन, नीहाउस, सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी आंध्रात काय केलं बघा, मंडल (म्हणजे तालुक्यासारखे भाग) चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, काही ठिकाणी स्मार्टकार्डने रोजगार हमीची मजुरी वेळेवर आणि गळती न होता पोचायला लागली, आणि तिथल्या गरीब घरांची कमाई साधारण १३ टक्के वाढली, त्यातली बहुतेक वाढ सरकारी कामातून नाही तर बाहेरच्या, म्हणजे खासगी कामातून. बाहेरची मजुरी चढली आणि तरी बाहेरचं काम कमी झालं नाही, उलट वाढलं. कारण गावात काम देणारे मोजकेच असले की ते रोज दाबून ठेवू शकतात, मजुराला दुसरा दरवाजा दिसला की तो दाब सुटतो. बरं, आपल्याकडे रोजगार हमीचा दर २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होता. आंबा उतरवणाऱ्याला यापेक्षा बराच जास्त रोज मिळतो. जास्तीचा रोज सोडून ३१२ ला, तेही खात्यात जमा व्हायची वाट बघत, कोण जाईल?

मग गडी गेला कुठे? मुंबईला! २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा ऐंशी हजारांवर कमी भरली, सिंधुदुर्गाचीही घटली, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, म्हणजे माणसं आधीच गेलेली. गिरण्यांच्या काळापासून जातायत, तेव्हा कोणाला काय फुकट मिळत होतं? आंब्याचं काम तोडणी-भरणीचं दोन-तीन महिने, पुढे पावसात भाताची लावणी, नंतर काय? पोरगा गोव्याच्या हॉटेलात बारा महिने पगार घेतो ते आळसामुळे नाही. नेपाळीसुद्धा त्याच हिशोबाने इथे येतो, घरच्यापेक्षा इथे जास्त मिळतं, बागेत राहायला खोपी मिळते, हंगामभर काम मिळतं. तोच हिशोब आमच्या पोराने केला तर तो ऐतखाऊ?

आणि "रोजगार हमी बंद करा" म्हणणाऱ्या बागायतदारांनी जरा आपली कलमं कधी लावली ते आठवावं. १९९० ला राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना काढली, खड्डे खणायच्या मजुरीपासून कलमांपर्यंत अनुदान, आणि कातळावर, वरकस जमिनीत आज दिसतात त्यातल्या कितीतरी आंबा-काजूच्या बागा त्याच पैशातून उभ्या राहिल्या. तेव्हा कोणी मेसेज पाठवला नाही की सरकारी पैशाने बागायतदार आळशी होईल.