मल्याळम सिनेमाचं कौतुक करताय? मग त्याच्या प्रेक्षकाकडेही बघा

ओटीटीवर सबटायटल्स लावून 'कुंबळंगी नाइट्स' बघून झाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : "मल्याळी लोकांकडे कन्टेन्ट आहे यार!" मला हे कौतुक अपुरं वाटतं. तिथे आधी प्रेक्षक घडवला गेला, तोही वर्षानुवर्षं खपून.

केरळात गावोगावच्या वाचनालयांना एकत्र बांधण्याचं काम पी. एन. पणिक्करांनी १९४५ मध्येच सुरू केलं होतं. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन यांनी १९६५ मध्ये मित्रांसोबत चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट 'स्वयंवरम' १९७२ चा. म्हणजे चित्रपट बघायला शिकवणारी चळवळ आधी, चित्रपट नंतर!

दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) हेही पुण्याच्या त्याच इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांच्या 'ओडेसा' गटाचे कार्यकर्ते गावात जायचे, ढोल वाजवून माणसं जमवायचे आणि ज्याला जमेल तेवढे पैसे मागायचे. आनंद पटवर्धनांचा मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवरचा माहितीपट 'हमारा शहर' दाखवूनही त्यांनी निधी उभा केला. त्यातून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा चित्रपट झाला आणि ज्यांनी पैसे दिले त्या लोकांपर्यंत नेऊन दाखवला गेला. निर्माता कोण, तर सामान्य माणूस. मला तरी याहून मोठी गोष्ट भारतीय सिनेमात दिसत नाही.

पण याच मातीतला दुसरा प्रेक्षकही विसरता कामा नये. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम मूकपटात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर या सवर्ण जातीतल्या स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमच्या थिएटरात सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला केरळ सोडून जावं लागलं. १९५४ मध्ये 'नीलक्कुयिल' या चित्रपटाने नायर शिक्षक आणि त्याने टाकून दिलेली दलित नीली यांची कथा मांडली, राष्ट्रपतींचं रौप्यपदकही मिळवलं. पण रोझी परत आली नाही.

स्त्रियांचा प्रश्न तर आजही धगधगतोय. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, त्यानंतर तिथल्या स्त्री कलावंत 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी पुढे रोझीच्याच नावाने फिल्म सोसायटी काढली. त्यांच्या मागणीमुळे, या उद्योगातल्या स्त्रियांची स्थिती तपासायला नेमलेल्या हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं, तेही काही भाग वगळून. ज्यांचे चित्रपट आपण डोक्यावर घेतो, त्या उद्योगातल्या बायकांना साडेचार वर्षं ताटकळत ठेवलं गेलं, याची चीड आपल्यालाही यायला हवी.