फाल्गुनात सुटणारे पाणी

पैनगंगेच्या विदर्भाकडील काठावर, उमरखेड तालुक्यात माझे गाव आहे. नदी ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. गेली सहा वर्षे होळीच्या आगेमागे आम्ही पाच-सहा जण या नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, बंदिस्त नाव, घालतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच की उन्हाळा तोंडावर आलेला असताना नदीत खळाळते पाणी असते तरी कुठे. प्रश्न रास्त आहे. हिमालयातील नद्यांना बर्फाचा आधार असतो. ऋषिकेशला मी हा खेळ शिकलो तेव्हा फेब्रुवारीत गंगा हिरवी, नितळ आणि बेताची होती, आणि ऊन वाढेल तसे वरचे बर्फ वितळून तिचे पाणी चढत जाते असे शिकवणारे सांगत. आमच्या नद्यांना पावसावाचून दुसरे कोणी नाही. काळ्या पाषाणाच्या या मुलखात जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे फार तर संक्रांतीपर्यंत नदी वाहती ठेवते, आणि त्यानंतर उरतात ते डोह, डोहांमधले कोरडे पट्टे आणि उघडा पडलेला खडक.

मात्र ज्या वर्षी काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याची आणि जनावरांची सोय म्हणून इसापूर धरणातून नदीपात्रात पाणी सोडले जाते, त्या वर्षी चार-आठ दिवस नदी पुन्हा बोलू लागते. माझे ठाम मत आहे की आमच्याकडे कयाकचा खरा हंगाम हाच आहे, पावसाळा नव्हे. आणि या पाण्याची वेळ व मात्रा नदीकाठच्या प्रत्येक गावाला आधी कळली पाहिजे.

हे पाणी येताना पाहणे हा वेगळाच अनुभव असतो. ते भिंतीसारखे येत नाही. आधी वरच्या अंगाला वाळलेली पाने सरकल्यासारखा आवाज होतो, मग पळसाची पाने, काटक्या आणि मळकट फेस पुढे ढकलीत हातभर रुंदीची एक जीभ दगडांच्या फटींतून चाचपडत पुढे येते. एखाद्या खळग्याशी ती थांबते, तो भरून घेते आणि पुन्हा निघते. तापलेल्या वाळूतून बुडबुडे निघतात, ओल्या मातीचा वास सुटतो, आणि काठावर कढईत हळद शिजत असेल तर त्या वासात हळदीचाही वास मिसळतो. अर्ध्या तासापूर्वी ज्या खडकावर आपण बसलो होतो तो दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी पांढरी लाट उठू लागते. धरणापासून आमच्यापर्यंत यायला या पाण्याला दिवस लागतात, कारण वाटेतला प्रत्येक डोह आणि प्रत्येक बंधारा आधी आपला वाटा घेतो.

पावसाळ्यात उतरा, तेव्हा पाण्याला काय तोटा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्यांनी श्रावणातली पैनगंगा काठावरून नीट पाहिली आहे त्यांनी तरी असे म्हणू नये. त्या पाण्यात मुळासकट उपटलेली बाभळ असते, वाहून आलेले तारेचे कुंपण असते, आणि गढूळपणामुळे वीतभर खोलीवरचेही काही दिसत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यात धाडसाने फरक पडत नाही. केरळमध्ये कोडेंचेरीच्या नद्यांवर भर पावसाळ्यात कयाकच्या स्पर्धा होतात हे खरे आहे, पण तिथे उतरणारे लोक वर्षानुवर्षे सराव केलेले असतात आणि प्रत्येक वळणावर दोर घेऊन माणसे उभी असतात. ज्याला शिकायचे आहे, त्याला नदीचा तळ आधी कोरडा पाहता आला पाहिजे, आणि तशी संधी आम्हांला फक्त माघ-फाल्गुनात मिळते.

म्हणून पाणी येण्याआधी दोन दिवस आम्ही पात्रातून पायी चालतो. कोणता दगड खालून पोखरलेला आहे, कुठे झाडाचे खोड अडकून पडले आहे, कुठल्या फटीत पाय अडकू शकेल, हे हाताने चाचपून पाहतो. वाळूच्या आणि गोट्यांच्या उंचवट्यांवर टिटवीची अंडी असतील तर त्या जागा लक्षात ठेवतो आणि नंतर तिथे नाव टेकवत नाही. अभयारण्याच्या हद्दीत आम्ही उतरतच नाही. मग पाणी आले की तेच दगड पाण्याच्या भाषेत वाचायचे. वरून पाहताना पाण्यावर पाभरीच्या फाळासारखा टोकदार आकार दिसतो. त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने असेल तर दोन दगडांमधून वाट मोकळी आहे असे समजावे, आणि टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकाखाली दगड आहे हे निश्चित. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरून शांत होते. तिथे कयाक वळवून थांबता येते, दम घेता येतो आणि पुढचा टप्पा पाहता येतो. आमच्या खळाळांना मी अवघडपणाच्या सहा श्रेणींपैकी पहिली-दुसरी देईन, एकाच ठिकाणी जेमतेम तिसरी. नवशिक्याला त्याहून अधिक काही लागत नाही.

आता रपट्याविषयी, म्हणजे नदी ओलांडायच्या बुटक्या पुलाविषयी, सविस्तर लिहितो, कारण त्याच्यामुळेच मी हे लिहायला बसलो. तिसऱ्या वर्षी गावाखालच्या रपट्याकडे मी दुर्लक्ष केले. रपट्याखाली सिमेंटचे पाच पाइप आहेत, आणि उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा त्यांतून आरपार जातात. त्या दिवशी पाणी पाइपांच्या वरच्या कडेला टेकले होते, वरून पृष्ठभाग इतका शांत दिसत होता की मी काठाला लागण्याऐवजी रपट्यापर्यंत जाऊन उतरू असा विचार केला. दहा हातांवर असताना कयाक आडवी झाली. मी वल्हे मारीत होतो आणि नाव मात्र जागची हलत नव्हती; सगळे पाणी खालून पाइपात ओढले जात होते. कयाक सिमेंटला टेकली, वरच्या बाजूने पाणी आत चढले, नावेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती ताणून बसवलेला पडदा, स्प्रे स्कर्ट, ओढून मी कसाबसा बाहेर पडलो आणि रपट्याची कड धरून लोंबकळत राहिलो. माझे पाय पाइपाच्या तोंडाकडे ओढले जात होते. जाळे सुकवीत बसलेल्या एका भोई काकांनी धावत येऊन जाळ्याचा दोर माझ्या काखेतून घातला आणि दोन पोरांच्या मदतीने मला वर घेतले. कयाक मात्र पाइपात गेली आणि दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर, मधोमध दुमडलेली अशी सापडली.

काकांनी रागावून विचारले, ‘‘मास्तर, पाणी वरून बघता, खाली कुठं जाते ते बघत नाही का?’’ त्या एका प्रश्नात ऋषिकेशला दहा दिवसांत शिकवलेले निम्मे ज्ञान होते. पाणी जिथून जाते पण माणूस जाऊ शकत नाही, अशी प्रत्येक जागा ही जिवावरची जागा असते, मग ती झाडाच्या फांद्यांची असो, तारेच्या कुंपणाची असो वा पाइपाची. कोल्हापुरी बंधाऱ्यांचेही तसेच आहे. फाल्गुनात त्यांचे बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, लावलेले असतात. एखाद्या गाळ्यातले बरगे काढले असतील तर त्या गाळ्यातून सारे पाणी तिरासारखे सुटते, आणि भरून वाहणाऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी मागे वळून घुसळत राहते. त्या घुसळणीत सापडलेले ओंडकेसुद्धा तासन् तास बाहेर पडत नाहीत. तेव्हापासून आमचा नियम आहे की प्रत्येक रपटा आणि प्रत्येक बंधारा खांद्यावर कयाक घेऊन काठाने ओलांडायचा, पाणी कितीही शांत दिसो.

नियंत्रित पाण्यावर खेळणे कमीपणाचे आहे असे काही मित्रांना वाटते. पण १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये खळाळत्या पाण्यातली स्लालम शर्यत, म्हणजे टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून नाव वळवीत नेण्याची शर्यत, पहिल्यांदा घेतली गेली, तीच मुळी ऑग्सबर्गच्या बांधीव पाटात झाली. आपल्याच राज्यात कोलाडला कुंडलिका नदीवर जे राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या पाण्यावर चालते. तिथे पाणी सुटायची वेळ ठरलेली असल्यामुळे ते सुटले की नावा निघतात, आणि त्या वेळेच्या भरवशावर काठच्या अनेक घरांचा उदरनिर्वाह चालतो. आम्ही कयाकसाठी पाण्याचा एक थेंबही वेगळा मागत नाही आणि कोणी मागितला तर त्याला माझा विरोध राहील. माणसांना, जनावरांना, उसाला आणि केळीला पाणी कमी पडत असताना खेळासाठी पाणी मागणे हे पाप आहे. जे पाणी तसेही नदीतून जाणार आहे, त्याच्या पाठीवरून आम्ही जातो, आणि ते जसेच्या तसे खालच्या गावाला पोचते.

आमची मागणी फक्त माहितीची आहे. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती क्युसेक सुटणार, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन दिवस आधी लिहिलेले असावे. क्युसेक हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि ५०० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ टन पाणी, हे डोळ्यांपुढे आणून द्यायला हवे. आजवर आम्हांला ही बातमी वरच्या गावातल्या सोयऱ्यांच्या फोनवरून कळत आली आहे. आम्ही जॅकेट आणि हेल्मेट घालून उतरतो. पात्रात मोटर मांडून बसलेला शेतकरी, डोहात जाळे लावणारा भोई, कपडे धुणाऱ्या बायाबापड्या आणि त्यांची पाण्यात खेळणारी लेकरे यांच्या अंगावर तसले काही नसते. माहितीची गरज आमच्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त आहे.

गेल्या वर्षीपासून आम्ही भोईवाड्यातल्या चार मुलांना कयाक शिकवतो आहोत. डोहात उलटी झालेली नाव कमरेच्या झटक्याने सरळ करायला मला तीन आठवडे लागले होते, त्यांच्यातल्या एका बारावीच्या मुलाने ते तिसऱ्या दिवशी केले. प्रवाहात पडलो तर उताणे होऊन पाय पुढे ठेवायचे, वेगाच्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही, हे त्यांना सांगावेही लागले नाही. पुढे या नदीवर पाहुण्यांना नेण्याचे काम सुरू झाले, तर वाट दाखवणारा या मुलांपैकीच असला पाहिजे, बाहेरून आणलेला नव्हे, अशी अट मी आत्तापासूनच सर्वांना सांगून ठेवली आहे.

परवा या मुलांनी आणि काकांनी मिळून रपट्याच्या वरच्या अंगाच्या खडकावर तांबड्या रंगाने तीन रेघा ओढल्या. पाणी पहिल्या रेघेखाली असेल तर नुसता सराव करायचा. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या दरम्यान असेल तर वरच्या वळणापासून निघायचे. तिसऱ्या रेघेला पाणी लागले की कोणीही नदीत उतरायचे नाही. जनावरेसुद्धा काठावर बांधायची. रंग वाळला आहे, आणि आम्ही पाण्याची वाट पाहत आहोत.