जुना टेबल लॅम्प घ्या, पण रोज लावण्यासाठी

जुना टेबल लॅम्प हवा म्हणणारी माणसं आता बरीच भेटतात. संभाजीनगरात फ्लॅट घेतला की हॉलच्या एका कोपऱ्यात काहीतरी पितळी, आजोबांच्या काळातलं ठेवायची हौस घरोघरी दिसते. हौस चांगलीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की घेतलेला दिवा रोज संध्याकाळी लागला पाहिजे. नुसता मांडून ठेवलेला दिवा धूळ खातो, मग "जागा अडवतो" म्हणून बाल्कनीत जातो आणि तिथून मोडीत. मोडीत पितळ किलोवर जातं. त्यावरच्या कामाचे, घडणीचे पैसे कोणी देत नाही. म्हणून घेतानाच चिकित्सा करा.

बहुतेक जण खांबाच्या नक्षीवर भाळतात. मी आधी शेड बघते, कारण उजेड कुठं पडणार हे शेड ठरवते. तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा. शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, म्हणजे जमिनीपासून साधारण 40 इंचांवर. त्याहून वर गेली तर बल्ब डोळ्यांत घुसतो, फार खाली आली तर पुस्तकावर उजेडच येत नाही. खुर्ची आणि आपला बुटका दिवाण यांत बराच फरक पडतो, तेव्हा टेबलाची उंची मोजून मगच बाजारात जा.

जुन्या दिव्यांची मूळ शेड बहुधा हरवलेली असते. त्यामुळे जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात नुसता खांब मिळाला तरी नाक मुरडू नका. शेड करून घेता येते. कापड मात्र साधं घ्या. आपल्या नांदेडची मोतिया रंगाची खादी यासाठी फार छान, उजेड तिच्यातून मऊ होऊन येतो. हिमरूचा, म्हणजे इथल्या नक्षीदार विणीच्या कापडाचा, मोह अनेकांना होतो, आपल्या शहराचं वैभव म्हणून. पण हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे आडवे पसरलेले असतात. आत बल्ब लागला की त्यांची सावली पुढं उमटते आणि ते देखणं कापड डागाळल्यासारखं दिसतं. हिमरू खांद्यावर शोभतं, दिव्यावर नाही.

हिरव्या काचेच्या दिव्याला सध्या फार मागणी आहे. वकिलांच्या टेबलावर असतो तो. अमेरिकेत हॅरिसन मॅकफॅडिन यांनी 1909 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि 'एमरलाइट' या नावानं तो विकला. त्या मूळ शेडची गंमत तिच्या आतल्या बाजूला आहे. बाहेरून हिरवी काच, आतून दुधी पांढरी, असे दोन थर एकमेकांत मुरलेले. त्यामुळे डोळ्यांना हिरवं दिसतं आणि कागदावर मात्र स्वच्छ पांढरा उजेड पडतो. आज स्वस्तात मिळणाऱ्या अनेक नकलांना एकाच थराची हिरवी काच असते, आणि कागद, हात, चहाचा कप सगळंच हिरवट दिसतं. दुकानात दिवा लावायला सांगा आणि खाली पांढरा कागद धरा, लगेच कळेल. आत पांढरा थर असेल तर नवी नक्कलसुद्धा खुशाल घ्या.

अभ्यासाच्या टेबलासाठी स्प्रिंगांचा, हवा तसा वाकणारा दिवा मला सगळ्यांत आवडतो. ती रचना 1932 सालची, जॉर्ज कारवार्डिन या मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या इंग्रज इंजिनिअरची. परीक्षा सोपी आहे. दिव्याचा हात वाकवून सोडून द्या. जिथं सोडला तिथंच थांबला तर घ्या. हळूहळू मान टाकायला लागला तर स्प्रिंग दमलेल्या आहेत, आणि त्या मापाच्या स्प्रिंग इथं सहजी मिळत नाहीत.

पितळ खरं आहे का, हे बघायला खिशात लोहचुंबक ठेवा. पितळाला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. आणि मुरादाबादहून नवं पितळ जुनाट रंग देऊन येतं, ते वाईट नसतं, पण त्याला जुन्याची किंमत मोजू नका. पायथा उलटा करून बघा. खऱ्या जुन्या दिव्याच्या बुडाची कड टेबलावर घासून घासून गुळगुळीत झालेली असते.

आता वायर. इथं मी अजिबात ऐकून घेत नाही. जुन्या दिव्याची सुती विणीची वायर दिसायला सुरेख असते, पण चिमटीत धरून जरा वाकवा. आतलं रबर वाळून भुगा झालेलं असतं, कधी विणीतून तो काळा भुगा बोटांवर येतो आणि तांब्याची तार उघडी पडलेली दिसते. पितळी होल्डर, पितळी खांब, आणि आत ही अशी वायर. घरात लहान लेकरू असेल तर विचारही नको. आमचे वायरमन मामा म्हणतात, "ताई, चालू व्हायलाय की, कशाला बदलायलात?" चालू होतो म्हणूनच तर भीती आहे, मामा. सगळी वायर काढून तीन तारांची नवी टाकायची, अर्थिंगची तार खांबाच्या धातूला घट्ट जोडायची आणि तीन पिनांचा प्लग लावायचा. घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, तेही त्याच वेळी तपासून घ्यायचं. सुती विणीची नवी वायर मिळते, त्यामुळे रूपही बिघडत नाही. परदेशी दिव्याला बहुधा आट्यांचा होल्डर असतो, तो काढून आपला पिनचा बसवता येतो.

बिदरीबद्दल, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या कामाबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण आमचं मूळ गाव उदगीरकडचं आणि बिदर तिथून जवळच. आपल्या भागात जुन्या घरांमधून बिदरी सुरया, हुक्क्याची भांडी अजून निघतात. त्यांना बुडाशी भोक पाडून त्यांचा लॅम्प केलेला बघितला की पोटात तुटतं. भोक पाडायची गरजच नाही. तोंडात लाकडी बूच बसवून होल्डर त्यावर चढवता येतो आणि वायर बुचाच्या कडेनं बाहेर घेता येते. उद्या बूच काढलं की सुरई जशीच्या तशी. आणि बिदरीला चिंच किंवा पितळ घासायची पावडर कधीच लावू नका. ती जस्त आणि तांब्याची मिश्रधातू, त्यात जस्तच जास्त. तिचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या प्रक्रियेतून आलेला असतो. आंबटानं, घासण्यानं तो उतरतो आणि चांदीची नक्षी राखाडी पृष्ठभागावर हरवून जाते. मऊ कोरडं कापड पुरे.

बल्ब शेवटी आला, पण सगळा खेळ त्याचा. आपल्याकडे 6500 केल्विनचा पांढराफेक बल्ब सगळीकडे लावायची सवय आहे. तो जुन्या पितळावर टाकलात तर घर आणि दवाखाना यांत फरक राहणार नाही. खोक्यावर 2700 केल्विन, म्हणजे पिवळसर ऊबदार उजेडाचा, बघून घ्या. 8-9 वॅटचा एलईडी जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो आणि कापडी शेड तापवत नाही.

गावाकडच्या घरात, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं असा एखादा दिवा पडला असेल तर मोडवाल्याला हाक मारण्याआधी त्याचा फोटो इथं कमेंटमध्ये टाका. होल्डरचा आणि बुडाचाही फोटो घ्या. काय दुरुस्त होईल, कशाला हात लावायचा नाही, हे मला जमेल तेवढं नक्की सांगीन.