काकू, हे जड आहे

आज सकाळी व्यायामशाळेत पाच किलोचे डंबेल उचलायला मी दुसऱ्यांदा वाकले, एवढ्यात तिथल्या प्रशिक्षक मुलाने ते माझ्या हातातून अलगद काढून घेतले आणि म्हणाला, "काकू, हे जड आहे, तुम्ही आपले ट्रेडमिलवर चाला." मी चाललेही, वीस मिनिटे, मुकाट्याने. राग आला तो घरी पोहोचल्यावर.

माझ्या आईचे मनगट ५८व्या वर्षी मोडले. न्हाणीघराच्या दारात पाय घसरला आणि तिने हात टेकला, एवढेच निमित्त. प्लास्टर निघाल्यावर काही महिन्यांनी तिने अर्धी भरलेली बादली उचलली, तर मी धावत जाऊन ती काढून घेतली आणि वर बजावले, "तू आता काही उचलायचे नाहीस." तिची मूठ बादलीच्या कडीवर क्षणभर तशीच घट्ट राहिली होती.

रजोनिवृत्तीनंतर हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाड भरून निघण्यापेक्षा झिजते अधिक, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत त्याची घनता २० टक्क्यांपर्यंतही कमी होऊ शकते. जसा भार पडेल तसे हाड घडते, हे जर्मनीच्या युलिउस वोल्फ या शल्यविशारदाने १८९२ मध्ये लिहून ठेवले आहे. तरीही नेमक्या याच वयात घरातला लहानथोर प्रत्येक जण बाईच्या हातातला भार काढून घेतो आणि वर त्याला काळजी म्हणतो! ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, आई पडली त्या वयापुढच्या, हाडे विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास जड वजने उचलली, तेव्हा आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली.

चालणे हृदयाला चांगले, हे मान्य, पण हाडाला तेवढ्याने फारसे काही मिळत नाही. मणका आधीच पिचला असेल तर वाकून वजन उचलणे धोक्याचे असते आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये, हेही मान्य. हाडांसाठी गोळ्या लागतात तिथे लागतातच.

बादली काढून घेतल्यावर आईचे एकेक काम सुटत गेले. दहा वर्षांनी ती वरच्या फळीवरच्या नेहमीच्या डब्याकडे टाचा उंचावून हात नेत होती आणि डबा चार बोटे वरच राहत होता. आम्ही डबे खालच्या फळीवर आणले. मणके दबून तिची उंची कमी झाली असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

लिहिता लिहिता राग उतरला आहे. तो मुलगा वाईट नाही. मी बादली घेतली होती त्याच मायेने त्याने डंबेल घेतले. उद्या त्याला सांगणार आहे की बाबा, काढून घेऊ नकोस, उचलताना पाठ कशी सरळ ठेवायची ते शेजारी उभा राहून दाखव, आणि पाच जड वाटत असेल तर तीनपासून सुरू कर.